साडीनं मोजलेले शंभर मीटर

आम्ही अकोला जिल्ह्यातून पुण्यात आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. विश्रांतवाडीच्या मागच्या वस्तीत पत्र्याच्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. आई, बाबा, आम्ही तीन बहिणी आणि बाबांचा एक चुलतभाऊ, जो आठ दिवसांसाठी म्हणून आला होता आणि सहा वर्षं राहिला.

बाबा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर स्कूटरचे भाग करायचे. देशाची दारं उघडली असं पेपरात यायचं त्याच सुमाराला त्या वर्कशॉपचं दार बंद झालं. लोकांना मोटरसायकली पाहिजे होत्या, स्कूटरचे भाग कुणाला नको होते. पुढचे पाच-सहा महिने बाबा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परत यायचे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. डब्यात काही नसायचं. कधीकधी आई त्यात कांदा ठेवायची, चालताना रिकामा वाजू नये म्हणून. ती स्वतः चार घरची धुणीभांडी करायची आणि शाळेच्या बाईंनी विचारलं की मी ते सरळ सांगायचे. लाज वाटण्यासारखं त्यात काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही.

मी पळायला शिकले ती संडासच्या रांगेमुळे. वस्तीत सार्वजनिक संडास आठ होते. तीन संडासांना दारं नव्हती आणि एक कायमचा तुंबलेला. म्हणजे चार. सकाळी रांगेत माणूस नसला तरी चालायचं, टमरेल असलं की नंबर धरला जायचा. पण ठेवायला आधी पोचावं लागे. मी दोन्ही हातांत मिळून पाच टमरेलं घेऊन पळायचे, तीही भरलेली, आणि पाणी सांडायचं नाही. आमच्या गल्लीतल्या बायका आदल्या दिवशीच स्वतःचं टमरेल आमच्या दाराशी आणून ठेवायच्या. बाकीच्या गल्ल्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली होती. कुणाकडे करायची हे त्यांना माहीत नसल्यामुळे ती आईकडेच केली.

त्यामुळे नववीत शाळेच्या स्पर्धेत मी सगळ्यांना मागे टाकलं तेव्हा फक्त आमच्या पीटीच्या बाईंना आश्चर्य वाटलं. शाळेचं मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फट. पन्नास मीटर पळालं की मुतारीची भिंत. बाईंनी मला बाजूला घेतलं.

“बाहेर कुठे तरी सरळ रस्ता बघ. शंभर मीटर मोजून घे. रोज पळ, वेळ लाव, वहीत लिही, आणि खाली मोठ्या माणसाची सही पाहिजे. दहावीच्या वर्षी गणपती झाले की शहराची निवड असते. शाळेतून दोनच नावं जातात.”

मग त्या एका रविवारी घरी आल्या. कारण बाबांनी माझं दहावीनंतरचं ठरवून ठेवलं होतं. एव्हाना बाबा मोठी गाडी चालवायला शिकले होते आणि हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची बस चालवायचे. तिथल्या हाउसकीपिंगच्या ठेकेदाराला त्यांनी शब्द दिला होता, की जूनपासून मुलगी टेबलं पुसायला येईल. एसी आहे, म्हणायचे. सबंध दिवस एसी.

“राज्यस्पर्धेत पहिल्या तिघींत आली,” बाई म्हणाल्या, “तर शहरातलं चांगलं कॉलेज तिला खेळाडू म्हणून घेईल. फी माफ, हॉस्टेलसुद्धा.”

“आणि नाही आली तर?”

“तर तुम्ही म्हणाल तसं.”

बाबांनी विचार केला. ते फार बोलणारे नव्हते. “ठीक आहे. राज्याचा कागद दाखव आणि कॉलेजात जा. कागद नाही, तर जूनमध्ये हिंजवडी.”

आता शंभर मीटर मोजायचे कसे हा प्रश्न आला. आमच्या वस्तीपलीकडे एका बिल्डरनं प्लॉट पाडले होते. घरं दोन-तीनच झाली होती, पण रस्ता मात्र आधी केला होता, सरळसोट आणि रिकामा. बाबा रात्री बस तिथेच लावायचे. बाबांकडे वर्कशॉपची आठवण म्हणून एक व्हर्नियर होतं, केसभर जाडी मोजायचं वीतभर माप. त्यानं शंभर मीटर मोजायचे तर मी पन्नाशीत शर्यतीला उभी राहिले असते.

“साडी हाय ना,” आई म्हणाली. “साडी पाच मीटरची राह्यते, सगळ्या दुनियेले मालूम हाय. वीस वेळा आंथरली की झालं. वीस पंचे शंभर.”

वर्गात गणितात दुसरी येणाऱ्या मला त्यात काहीही चूक दिसली नाही. सकाळी आम्ही आईची जुनी हिरवी सुती साडी घेऊन गेलो. एक टोक तिनं धरायचं, एक मी. ताणायची, खडूनं खूण करायची, पुढे सरकायचं. सतराव्या-अठराव्या वेळेला एका घरातले गृहस्थ दात घासत बाहेर आले.

“काय हो, रस्तारुंदी आहे का?”

आईनं साडीवरून नजर हलवली नाही. “हो. तुमची पायरी जाते वाटते.”

दुसऱ्या दिवशी त्या घरातून आईला चहा आला. तो पुढे पंधरा दिवस येत राहिला आणि आई तो पीत राहिली.

सुरुवातीची रेघ बसच्या पुढच्या चाकाशी आली आणि शेवट नेमका एका काकांच्या फाटकाशी. हे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. तीस वर्षं तपासणी खात्यात. वस्तू केसभर मापाबाहेर असली तरी परत पाठवायची, हे त्यांचं काम. आई त्यांच्याकडे भांडी घासायची, त्यामुळे मला ते ओळखत होते, पण नुसते ओळखत होते.

शर्यत सुटायला बाबा बसचा हॉर्न वाजवायचे. पहिल्याच दिवशी काका फाटकात आले.

“अहो, सकाळी सहाला या निर्मनुष्य रस्त्यावर तुमच्या आडवं कोण आलंय?”

बाबांनी खाली उतरून सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि स्टॉपवॉच घेऊन आले. वर बाबांना सूचना केली, की हॉर्न वाजवताना खिडकीतून पिवळं फडकंही हलवा. आवाज शंभर मीटर यायला वेळ लागतो, मी घड्याळ फडकं बघून सुरू करणार. इतका काटेकोर माणूस आमच्या घरानं त्याआधी पाहिला नव्हता.

मी जीव खाऊन पळाले.

“पंधरा पूर्णांक आठ,” काका म्हणाले. “दूध उतू जात असताना आमची सौभाग्यवती याहून लवकर पोचते.”

त्यांनी वहीत लिहिलं, खाली सही केली आणि सवयीनं ‘तपासले’ असा शेरा मारला. पुढे रोज हेच. पंधरा चार. पंधरा एक. पावसाळ्यात रस्त्याला शेवाळ आलं तेव्हा परत पंधरा सहा. काका रोज नवा टोमणा तयार ठेवायचे. एकदा म्हणाले, “टपालखात्यात प्रयत्न करणार का? तिथं हा वेग जास्त समजतात.” मी पण कमी नव्हते. म्हणाले, “काका, तुमचं घड्याळ सरकारी आहे, ते पेन्शनच्या वेगानं चालतं.” त्यांना हसू आलं, पण वेळेत त्यांनी दशांशाचीही सूट दिली नाही.

गणपतीपर्यंत मी चौदा पूर्णांक सहावर आले आणि तिथेच अडकले. वर्गातल्या एका मुलीची वही मी चोरून पाहिली होती. तिच्या वहीत बारा पूर्णांक पाच होतं. मला रडू आलं. मी काकांना म्हटलं, निदान चौदा पाच तरी लिहा ना.

“तीस वर्षांत मी एक नग इकडचा तिकडे केलेला नाही.”

“एक दशांश तर आहे.”

“एका दशांशात तोफ फुटते,” काका म्हणाले आणि सही केली. चौदा पूर्णांक सहा. तपासले.

बाईंच्या टेबलावर अकरा वह्या होत्या. त्यांनी सगळ्या वाचल्या, मग माझी परत उघडली. मी मान खाली घालून उभी.

“ही सही कोणाची?”

“काकांची. ते दारूगोळ्यात होते.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “कारण बाकीच्या दहा वह्यांप्रमाणे आपल्या शाळेत राष्ट्रीय विक्रम रोज मोडला जातो. कोणी बारा पाच, कोणी बारा दोन. एकीच्या आईनं तर अकरा नऊवर सही केलीय. खरं लिहिणारी तू एकटीच दिसतेस. तुझं नाव टाकते. हळू आहेस, पण आहेस तेवढी आहेस.”

अशा रीतीनं मी शहराच्या निवडीला गेले. हळू असल्याचा दाखला घेऊन.

तिथं पहिल्यांदा पिस्तुलाचा आवाज ऐकला. माझी सवय हॉर्नची. मी दचकले आणि सगळ्यांच्या मागून निघाले. मग मात्र जशी रोज पळायचे तशी पळाले. एकेक मुलगी मागे गेली. आजूबाजूला कोणी दिसेना, पण शेवट आलाय असं माझ्या पायांना काही वाटेना, म्हणून मी पळतच राहिले. पुढे पंचांचं टेबल होतं. त्यावर चहा आणि बटाटेवडे होते. माझ्यानंतर ते खाली होते.

मी उठले, गुडघा झटकला आणि पंचांना स्पष्ट सांगितलं, “सर, तुमचं मैदान कमी भरतंय.”

“काय?”

“हे शंभर नाहीत. मी रोज शंभर पळते. मला माहीत आहे.”

पंचांनी शर्टावरचा चहा पुसला. “बाळ, तू पहिली आलीस. तेरा पूर्णांक तीन. आता कृपा करून लांब जाऊन उभी राहा.”

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खरी वेळ वाढवून लिहिणारी मुलगी त्यांनी कारकिर्दीत पाहिली नव्हती. “कशासाठी लपवलंस?” त्या सारख्या विचारत होत्या. मला तरी काय ठाऊक?

संध्याकाळी मी काकांना सांगायला गेले. आई त्यांच्याकडेच भांडी घासत होती.

“तेरा तीन शक्य नाही,” काका म्हणाले. “रात्रीतून सव्वा सेकंद कमी होत नसतो. त्यांचं घड्याळ बिघडलं असेल.” मग ते फाटकाशी गेले. फाटकातून रस्त्याकडे बघत राहिले. “हे शंभर मीटर कोणी मोजले?”

“म्या,” आई आतून म्हणाली.

“कशानं?”

“साडीनं. काऊन?”

काका आत गेले. त्यांनी माळ्यावरून स्टीलचा टेप काढला. एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही रस्ता मोजला. मग त्यांनी तो परत मोजला. एकशे दहा मीटर आणि वीस सेंटिमीटर. शेवटी त्यांनी आईला ती हिरवी साडी आणायला लावली आणि ओट्यावर पसरून तीही मोजली. साडेपाच मीटर, वर एक सेंटिमीटर.

“अहो बाई, ही साडी पाच मीटरची नाही.”

“साडी जास्त निघाली तर तक्रार कोण करते, काका?” आई म्हणाली आणि कढई घासायला गेली.

मी हसून लोळत होते. पण काकांना हसू आलं नाही. ज्या माणसानं आवाजाचा वेगसुद्धा सोडला नव्हता, त्यानं इतके महिने चुकीच्या अंतरावर रोज ‘तपासले’ लिहिलं होतं. दोन दिवस ते फाटकाबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर रस्त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटची नवी रेघ होती. पट्टी लावून मारलेली, बरोबर शंभर मीटरवर. ती रेघ पायरीवाल्या गृहस्थांच्या दारासमोर आली होती. ते बनियनवर बाहेर येऊन तिच्याकडे बघत उभे होते. त्या दिवसापासून आईचा चहा पुन्हा सुरू झाला.

मला ही नवी रेघ फार आवडली. पहिल्या दिवशी तेरा तीन, आठवड्यानं तेरा दोन. काकांच्या टोमण्यांची धार गेली. बाबासुद्धा बसमधल्या लोकांना माझी वेळ सांगायला लागले. पावणेसातला गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पंधरा-वीस पोरंपोरी तिथं बसमध्ये चढायची. “काका, आज किती?” असं त्यांनी विचारलं की बाबा आधी मला एकदा पळवून दाखवायचे. बस रोज पाच मिनिटं उशिरा पोचायला लागली. कंपनीतून विचारणा झाली, तेव्हा त्या सगळ्यांनी मिळून ईमेल केला, की विश्रांतवाडीला सकाळी फार ट्रॅफिक असतं. त्या वेळी तिथं मी आणि दोन म्हशी सोडून कोणी नसायचं.

विभागाच्या स्पर्धेला बाबांनी रजा काढली. नव्वद मीटरपर्यंत मी पुढे होते, हे बाबांनी स्वतः पाहिलं. मग माझे पाय आपोआप सैल पडले. तीन आठवडे पांढऱ्या रेघेशी थांबायची सवय लागली होती. रेघ दिसली की अंग म्हणायचं, झालं. शेवटच्या चार पावलांत दोघी पुढे गेल्या. मी तिसरी. राज्याला तिघी जायच्या होत्या म्हणून वाचले.

“नव्वदला काय झालं?” बाई ओरडल्या. “स्टॉप आला का तुझा?”

 परत येताना विश्रांतवाडीच्या चौकात उतरल्यावर बाबा म्हणाले, “ठेकेदाराचा निरोप आला होता. जूनचं विचारत होता.” एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. राज्यस्पर्धेला एक महिना होता. तिथे तिसरी आले तर कॉलेज, चौथी आले तर टेबलं. आणि सैल पडायची सवय घेऊन गेले तर चौथीसुद्धा येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सगळं सांगितलं.  ते काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन रस्त्यावर उकिडवे बसले आणि स्वतः मारलेली पांढरी रेघ त्यांनी स्वतः पुसून टाकली.

“काका, मग माप चुकीचं होईल ना?” बाबांनी विचारलं.

“होईल.”

“मग?”

“ते मला माहीत आहे. कारखान्यात मापाबाहेर असूनही कामाला येणाऱ्या वस्तूला आम्ही चूक म्हणत नव्हतो, सवलतीनं पास म्हणत होतो.” ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. “अर्थात मी कधी केली नव्हती.”

त्या दिवसापासून वहीत दोन वेळा यायला लागल्या. काका रस्त्याकडेला शंभर मीटरच्या जागी एक घड्याळ घेऊन उभे राहायचे, आणि फाटकाशी त्यांच्या सौभाग्यवती दुसरं घड्याळ धरून उभ्या. त्यांना दुधाचा टोमणा कळला होता, त्यामुळे त्या काकांना फार बोलू देत नसत. मी काकांकडे बघायचं नाही असं ठरलं होतं. मी फक्त फाटक बघायचं आणि फाटकापर्यंत पळायचं. बसमधली पोरंही फाटकाशी येऊन उभी राहायला लागली. एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, “अगं, स्लो नको होऊस, आम्हाला ऑफिसला जायचंय.” मी म्हटलं, तुम्ही गेला नाहीत तर तिथं काय बंद पडणारे का? बाबा खिडकीतून म्हणाले, “नीट बोल. जूनमध्ये यांचीच टेबलं पुसावी लागतील.” सगळे हसले. मी नाही हसले.

राज्यस्पर्धा बाहेरगावी होत्या. बाईंनी कुठून तरी स्पाइक्सचे बूट मागून आणले, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून घातले. अंतिम शर्यतीत आठ जणी. पिस्तुलाला मी या वेळी दचकले नाही. बाईंनी महिनाभर वर्गात मागून येऊन डस्टर आपटून माझी ती खोड मोडली होती. साठ मीटरला मी पाचवी होते. सत्तरला चौथी. मला तेव्हा शेवटची पट्टी दिसत होती, पण मी ती बघितली नाही. तिच्या पलीकडे एक कॅमेरावाला उभा होता, त्याचं मी मनात फाटक केलं. शेवटच्या वीस मीटरमध्ये बाकीच्या मंदावत होत्या आणि मी नव्हते. त्यात माझं काही मोठं कौतुक नाही. माझ्या अंगाला अजून दहा मीटर जायचं होतं.

कॅमेरावाला वेळेवर बाजूला झाला.

मी एसटीडी बूथवरून काकांच्या घरी फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता.

“किती?” काकांनी विचारलं.

“बारा पूर्णांक आठ. दुसरी.”

“दुसरी का?”

“पहिली जास्त जोरात पळाली.”

“हं. हे कारण योग्य आहे,” काका म्हणाले. मग पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला, नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि आई आली.

“कागद भेटला का?”

“भेटला.”

“घडी नको घालू. आन घामाचा हात नको लावू त्याले.”

बाबांनी तो कागद दोन दिवस बसच्या काचेला आतून लावला होता, बाहेरच्यांना वाचता येईल असा. मग ठेकेदाराला जाऊन सांगितलं की मुलगी येणार नाही. ठेकेदारानं कारण विचारलं. बाबा म्हणाले, तिला वेळ नाही.

जूनमध्ये मी अकरावीला शहरातल्या कॉलेजात गेले. पुढच्या पाच वर्षांत मी राष्ट्रीय स्पर्धेत शंभर मीटरचं रौप्यपदक मिळवलं, भारताच्या रिले संघातून दोनदा परदेशात धावले आणि बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात त्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं.